बारा वासरांची सवत

दोन नंबरच्या गोठ्यात बारा वासरं होती आणि त्यांच्या डोक्यावर भिंतीत बारा दिवे होते. रोज सकाळी शेणाचा नमुना आतडेदर्शक यंत्रात पडला की दिवे लागत. हिरवा म्हणजे वासरू ठणठणीत, तांबडा म्हणजे हगवण लागली. आज परीक्षेच्या विसाव्या दिवशी दहा हिरवे आणि दोन तांबडे होते. डॉ. मंजिरी तोडकरने ते तीनदा मोजले. तिच्या स्वतःच्या एक नंबरच्या गोठ्यात तांबडे चार होते.

“अभिनंदन, अनघा,” ती म्हणाली. त्यातला कडवटपणा समोरचीला कळला नाही. डॉ. अनघा वाळिंबेला असल्या गोष्टी कधीच कळत नसत. पशुवैद्यक महाविद्यालयात दोघी एका बाकावर बसायच्या. तेव्हाही अनघाचा पहिला नंबर यायचा आणि तेव्हाही ती निकालाच्या दिवशी मंजिरीच्या गळ्यात पडून रडायची. जळायचं तरी कसं अशा बाईवर? मंजिरी जळायची, आणि वर त्याचीच तिला शरम वाटायची.

साताऱ्याच्या पूर्वेच्या माळावर उभं राहिलेलं हे पशुरोग प्रतिबंध केंद्र. डॉ. लोकापुरे महिन्यापूर्वीच इथे संचालक म्हणून आले होते. मूळचे ते माणसांचे डॉक्टर. गोठ्यात शिरताना ते अजून विजारीच्या काठाला जपत.

“मला एकदा सोपं करून सांगा,” ते म्हणाले. “तुम्हा दोघींची औषधं म्हणजे जिवाणूच. मग प्रतिजैविकाचं काम जिवाणू कसा करतो?”

“मारून नाही, जागा अडवून,” अनघा म्हणाली. “नवजात वासराचं आतडं म्हणजे रिकामं घर. पहिल्या चिकाबरोबर आम्ही आमचा जिवाणू आत सोडतो. तो भिंतीला चिकटतो आणि नंतर येणाऱ्या भाईबंदाला जागाच देत नाही. रोगजंतू आले तरी दारातूनच परत. आम्ही त्याला पूर्वाधिवासी जिवाणू म्हणतो.”

“आमी सवत म्हनतो,” वासरांना दूध पाजणारी शालनमावशी मागून म्हणाली. “दुसरीला उंबऱ्याच्या आत येऊच देत न्हाई.”

लोकापुरे हसले. “आणि बसलेल्याला उठवायचं असेल तर?”

“प्रतिजैविकानेच,” मंजिरी म्हणाली. “दोघींचेही जिवाणू त्याच्यापुढे मुद्दाम नाजूक ठेवलेत, तेवढी एक किल्ली हातात असावी म्हणून. एरवी एकदा बसला की कायमचा. गायीकडून वासराला, वासराकडून त्याच्या वासराला. उद्या याच्यापेक्षा चांगला जिवाणू तयार झाला, तरी त्याला जागा मिळायची नाही.”

“म्हणजे जिल्ह्यात एकदा जो सोडू, तोच राहणार.”

“तोच.”

म्हणून तर ही परीक्षा होती. दोन गोठे, बारा-बारा वासरं, साठ दिवस. ज्या गोठ्यात हगवण कमी, त्याचा जिवाणू जिल्ह्यातल्या प्रत्येक नव्या वासराच्या पोटात जाणार आणि दुसरीचा बाटलीत राहणार. मंजिरीने आपल्या जिवाणूला अठरा वर्षं दिली होती. अनघाला सात पुरली. आणि ती प्रत्येक भाषणात सांगायची, “मूळ कल्पना मंजिरीची बरं का!” टाळ्या मात्र भाषण करणारीला पडत.

त्या दुपारी मंजिरीने जे केलं, ते करताना तिने स्वतःला काहीही पटवून दिलं नाही. केंद्राच्या औषधकपाटात अडीअडचणीसाठी ठेवलेली प्रतिजैविकाची भुकटी होती आणि कपाट तिच्या ताब्यात होतं. अनघा तीन दिवसांसाठी पुण्याला गेली होती. शालनमावशी जेवायला गेली की दोन नंबरच्या बादल्यांत चिमूट चिमूट टाकायची, एवढंच काम. तीन दिवस तिने ते केलं. अनघाचा जिवाणू गेला की घरं रिकामी होतील, हगवण घुसेल, दिवे तांबडे होतील. कुणाला वासरू दगावू नये असं वाटत असेल, तर तिलाही वाटत होतं. पण अनघा जिंकू नये, हे त्याहून जास्त वाटत होतं.

भुकटी टाकायला लागल्यापासून पाचव्या दिवशी तिला धीर निघेना. स्वतःच्या गोठ्यात वासरं तपासता तपासताच ती उठली आणि तशीच दोन नंबरमध्ये गेली. दिवे अजून तसेच होते, दहा हिरवे आणि दोन तांबडे. पण दिवा लागायच्या आधी वासराच्या तोंडातून कळतं. आजारी वासरू बोट नीट चोखत नाही, आणि तोंड गार लागतं. तिने पहिल्या वासराच्या तोंडात बोट घातलं. ते जोरात चोखू लागलं. दुसरंही. एकेक करत तिने बारा वासरं तपासली. बाराही जणांनी तिचं बोट असं ओढलं की नखाखाली दुखू लागलं.

“बाई, हातमोजं कुटं हायती?” शालनमावशीने विचारलं.

“राहिले,” मंजिरी म्हणाली आणि निघून गेली.

त्यानंतर तिने रोज वाट पाहिली. हगवण आली नाही. उलट दोन तांबडे दिवे होते तेही हिरवे झाले. तिसाव्या दिवशी बारा हिरवे, चाळिसाव्या दिवशी बारा हिरवे. अनघाची वासरं कुदायला लागली. लोकापुरे पाहुण्यांना आधी दोन नंबरच दाखवू लागले. शालनमावशीसुद्धा, जी दोघींना सारखाच चहा द्यायची, ती आता अनघाच्या कपात साय घालू लागली आहे, असं मंजिरीला वाटायचं. तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. विष घातलं तरी हिचं सोनं कसं होतं?

अखेर साठाव्या दिवशी, अंतिम बैठकीच्या आदल्या सकाळी, तिने दोन नंबरमधलं शेण उचललं आणि आपल्या प्रयोगशाळेत जनुकखूण तपासली. प्रत्येक जिवाणूत ज्याची त्याची खूण विणलेली असते. पडद्यावर खूण उमटली आणि मंजिरी खुर्चीत बसली.

खूण तिची होती. बाराही वासरांत तिचाच जिवाणू होता.

मग सगळा उलगडा दोन मिनिटांत झाला. प्रतिजैविकाने अनघाचा जिवाणू गेला आणि घरं पार रिकामी झाली. त्या घरांत सर्वांत आधी शिरलं ते तिचं बोट, तिच्याच गोठ्यातून न धुता आलेलं. दोन्ही गोठ्यांतल्या वासरांना जन्मल्याबरोबर गायीने चाटलं होतं, त्यामुळे चीक पाजेपर्यंत आत आधीच दुसरे कुणी ना कुणी बसलेले होते आणि एक नंबरमध्ये तिच्या जिवाणूला अर्धीच जागा मिळाली होती. इथे त्याला पूर्ण घर मिळालं. जिंकली होती ती स्वतःच, आणि ते कुणाला सांगायचं तर बादल्यांचंही सांगावं लागणार होतं. ती बराच वेळ हसली. ते हसू शेजारच्या खोलीत ऐकू गेलं असतं तर कुणीतरी डॉक्टरला बोलावलं असतं.

दुसऱ्या दिवशी बैठकीत लोकापुरेंनी अनघाचं नाव पुकारायला तोंड उघडलं, तेवढ्यात अनघाच उभी राहिली.

“सर, थांबा. काल संध्याकाळी मी जनुकखुणा पाहिल्या. माझ्या गोठ्यातला जिवाणू माझा नाही. मंजिरीचा आहे.” तिने खुणांचा कागद टेबलावर सरकवला. “माझा कसा गेला, हिचा कसा आला, मला माहीत नाही. माझ्याच माणसांच्या हातून काहीतरी ढिलाई झाली असणार. पण यश हिचं आहे.”

खोलीत कुजबुज झाली. लोकापुरेंचा चेहरा उजळला. “पण ही तर आणखी मोठी बातमी! म्हणजे मंजिरीताईंचा जिवाणू बसलेल्यालाही उठवतो! मग जिल्ह्यातल्या आजारी वासरांनासुद्धा तोच देता येईल. माझ्या मते निर्णय झाला.”

टाळ्या वाजल्या. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्या मंजिरीसाठी होत्या, आणि सर्वांत जोरात अनघाच वाजवत होती.

मंजिरीने टेबलाकडे बघत हिशोब केला. तिचा जिवाणू कुणालाही उठवत नव्हता. प्रतिजैविकाशिवाय तो बारातल्या चार वासरांना हगवणीच्या तोंडी देत होता, अनघाचा दोघांनाच. आता गप्प बसलं की तोच जिल्हाभर जाणार, पिढ्यान्‌पिढ्या राहणार, आणि अनघाच्या चांगल्या जिवाणूला कधीच दार उघडणार नाही. बारांमागे दोन वासरं जास्तीची, दर वर्षी, कायम. फक्त गप्प बसायचं होतं. नाव तिचं राहणार होतं.

तिने मान वर केली. अनघा अजून टाळ्या वाजवत होती. डोळ्यांत पाणी, चेहऱ्यावर खराखुरा आनंद. हरून उभी होती आणि तरीही खोलीत सर्वांत उंच तीच दिसत होती. ती उंची मंजिरीला इतकी खुपली की वासरांची आठवणसुद्धा मागे राहिली.

“त्याने कुणालाही उठवलेलं नाही,” ती म्हणाली. “अनघाचा जिवाणू मी मारला. औषधकपाटातलं प्रतिजैविक, तीन दिवस, दुधाच्या बादल्यांत. मोकळ्या जागेत माझा शिरला, माझ्याच बोटावरून. प्रतिजैविक न देता तुलना करायची, तर विसाव्या दिवसाचे आकडे धरा. ते खरे आहेत. अनघाचा जिवाणू सोडा.”

लोकापुरेंना पुन्हा विचारावं लागलं, कारण पहिल्यांदा त्यांना ते समजलंच नाही. मंजिरीने पुन्हा सांगितलं, तारखांसकट.

पंधरा दिवसांनी अनघाचा जिवाणू जिल्ह्यात सोडला. त्या दिवशी मंजिरी आपल्या खोलीतली पुस्तकं खोक्यात भरत होती. तिच्या अठरा वर्षांच्या जिवाणूला आता या जिल्ह्यातल्या कोणत्याही वासराच्या पोटात जागा नव्हती, आणि पुढच्या सुधारलेल्यालाही नसणार होती. अनघा दारात येऊन उभी राहिली. आत यावं की नाही, तिला कळत नव्हतं.

“एकच विचारते,” ती म्हणाली. “बादल्यांचं तू का केलंस ते मला कळलं. पण कबूल का केलंस? तू तर जिंकली होतीस.”

मंजिरीने खोक्याला चिकटपट्टी लावली आणि ती अंगठ्याने दाबून बसवली.

“खरं बोलण्यातही तू माझ्याआधी नंबर लावलास,” ती म्हणाली. “ते मला सहन झालं नाही.”