भिंतीकडची मशीन

वालीवला आमच्या गाळ्यात अकरा मशिनी आहेत. शाळांचे युनिफॉर्म शिवतो. मी हंसा, इथली सुपरवायझर, रोज निर्मळहून येते. भुताखेतांचं मला सांगू नका. शिलाई बिघडली तर धागा बघायचा, सुई बघायची, आणि मग पोरीला झापायचं, हा माझा क्रम.

मे महिन्यात उन्नती कामाला आली. नवऱ्याचं घर सोडलंय, तुळिंजला मावशीकडे राहते, एवढंच बोलली. हात असा सफाईदार की मी खूश होऊन तिला भिंतीकडची मशीन दिली. डोक्यावर पंखा, शेजारी कुणाची कटकट नाही. त्या जागेसाठी आमच्यात भांडणं होतात. बसणारीची पाठ तेवढी दाराकडे येते.

दुसऱ्या दिवसापासून ती मशीन बंद पडायला लागली.

आमच्यात सुपरवायझर मागूनच येते. खांद्यावरून हात घालायचा, कापड ओढायचं, टाके बघायचे. मी अशीच शिकले, अशीच शिकवते. पण मी उन्नतीच्या मागे गेले की मशीन गप्प. लांब झाले की सुरू. तिचा पाय मात्र पेडलवर दाबलेलाच असायचा, हे मी वाकून बघितलं.

आमच्या इलेक्ट्रिशियनने, केनीने, वायर बदलली, मोटर बदलली. काही फरक नाही. शेठ म्हणाले, "शनिवारपर्यंत बघ. नाहीतर पोरीला काढ." मावशीने उन्नतीला साफ सांगितलं होतं, काम गेलं तर नवऱ्याकडे परत जायचं. हे तिनेच मला सांगितलं.

आणि मी काय केलं? मला नवल वाटत होतं, त्या नवलाच्या नादात शुक्रवारी प्रयोग केला. केनीला टेस्टर घेऊन बोर्डापाशी उभा केला आणि चपला काढून मागून गेले. दहा मशिनींच्या धडधडीत अनवाणी पाऊल कुणाला ऐकू येणार? तरी तीन लाद्या उरल्या असताना मशीन थांबली. मागे सरले, सुरू झाली. चार वेळा केलं. मग केनीला तिथे बसवून त्याच्या मागे फेऱ्या मारल्या. मशीन मजेत चालली.

"करंट बरोबर हाय, मावशी," केनी म्हणाला. "पुढचं मला नाय कळत."

उन्नतीला परत बसवलं. मी पाचव्यांदा निघाले, तेवढ्यात दारासमोरच्या मशीनवरून दिपिका उठून आली. दिपिका माझी सून, चार वर्षं इथेच शिवते. एरवी माझ्यापुढे चकार शब्द काढत नाही.

"आई, पुरे. मागून नका जाऊ तिच्या. समोरून जा, आधी हाक मारा. आणि काय झालं होतं ते विचारू नका."

मी समोरून गेले तेव्हा उन्नतीचं तोंड पहिल्यांदा नीट बघितलं. ओठ पांढरे पडले होते.

"मी मुद्दाम नाही करत," ती म्हणाली. "मागे कुणी आलं की अंगच थांबतं माझं."

एवढं काय त्यात, हे माझ्या तोंडावर आलं होतं. गिळलं. चार वेळा त्या पोरीला मी छळलं होतं आणि मला त्याची लाज वाटली. स्टूल ओढून समोर बसले. "तुला कुठे बसायला बरं वाटेल, सांग. घाई नाही."

तिने बराच वेळ गाळा न्याहाळला. शेवटी दिपिकाची जागा दाखवली. पाठीला भिंत, समोर दार. दिपिका उठली आणि भिंतीकडच्या मशीनवर जाऊन बसली.

शनिवारी शेठ आले तेव्हा अकराच्या अकरा मशिनी चालू होत्या. उन्नती राहिली. मी टाके समोरून तपासायला लागले. बायकाही तिच्या बाजूने जाताना "येते गं" म्हणायच्या. भिंतीकडच्या मशीनमागून मी मुद्दाम येऊन जाऊन बघितलं, चपला घालून, चपला काढून. दिपिकाची शिलाई एकदाही अडली नाही. खोट गेली म्हणून मी निर्धास्त झाले.

तीन आठवड्यांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, माझा मुलगा भूपेश गाळ्यात आला. रोज आम्हा दोघींना फाटकावर सोडून जातो, आत कधी येत नाही. पोरगा निर्व्यसनी, हसतमुख. गावात सगळे मला त्याच्यावरून नशीबवान म्हणतात.

"दिपिका मोबाईल विसरली," तो मला म्हणाला आणि तिच्याकडे निघाला.

भिंतीकडची मशीन थांबली.

दिपिकाने वळून बघितलं नव्हतं. तिचा पाय पेडलवर दाबलेला होता.

बाकीच्या दहा चालू होत्या.

"भूपेश, मागे हो," मी म्हटलं.

तो एक पाऊल मागे सरला. मशीन सुरू झाली.

त्याने मशीनकडे बघितलं. पुढे आला. थांबली. मागे गेला. सुरू झाली.

मी धावत जाऊन दोघांच्या मधे उभी राहिले.

भूपेश हसला.

"आई, गंमत बघ ना," तो म्हणाला, आणि माझ्या बाजूने वळसा घालून पुन्हा पुढे आला.