रस्ता सरळ करायला आलेला माणूस

तिने सायकल शिरीषाच्या बुंध्याला टेकवली, टपालाची पिशवी खांद्यावरून उतरवली आणि घाम पुसेपर्यंत पिशवीवर कोणीतरी लाल रंगाची फुली ओढली.

"अहो! पिशवी आहे ती, झाड नाही!"

बुंध्यामागून मोजणीदार बाहेर आला. हातात ब्रश, कानाला रंग, नाकाला रंग. "माफ करा... मी झाडालाच मारत होतो."

"झाडाला तरी फुली कशाला?"

"कापायचंय. रस्ता सरळ करायचाय ना."

झालं! टपालवालीचा आवाज चढला की आमच्या कॉलनीत गॅसवरचं दूध उतू जातं. त्या दिवशी सात घरांतलं गेलं. आठव्या घरात दही होतं म्हणून वाचलं.

"सरळ करायचाय? अहो, इथे आधी झाडं लावली, मग त्यांच्यामधून रस्ता काढला, घरं तर सगळ्यांत शेवटी! रस्ता आखणाऱ्या कंत्राटदाराला लोकांनी विचारलं, एवढी वळणं का हो? तो म्हणाला, झाडांना बाजूला सरका म्हणायची लाज वाटली. तुम्हाला नाही वाटत?"

वाटत असावी, कारण तो चपलेकडे पाहत पुटपुटला, "एकूण एक्केचाळीस आहेत. घरमालकांना नोटिसा टपालाने येतील."

"येऊ द्या की!"

नोटिसा आल्या. प्रत्येकीवर घर क्रमांक. आणि आमच्याकडे घराला क्रमांक कधी नव्हताच! चिंचेचं घर, बकुळीचं घर, दोन जांभळांमधलं घर... पत्रं अशीच येतात, खरेदीखतंही अशीच झाली. झाडी इतकी दाट की पाऊस थांबल्यावर तासाभराने तो आमच्या अंगणात पोचतो. तिथे पाटीवरचे आकडे कोणाला दिसणार? टपालवालीने एक्केचाळीस पाकिटांवर 'या क्रमांकाचे घर नाही' असं ठसठशीत लिहिलं आणि सगळी परत धाडली. एक अक्षर खोटं नव्हतं.

मोजणीदाराच्या साहेबाने टेबल आपटलं. "त्या बाईबरोबर फिरा. कुठल्या झाडाचं कुठलं घर ते लिहून आणा. सोमवारी यादी हवी!"

"मला यादी करायला पाठवलंय," त्याने तिला पहिल्याच सकाळी सांगून टाकलं.

"माझ्याकडून एक शब्द मिळणार नाही."

पण दारं झाडांमागे लपलेली, म्हणून टपाल देताना फाटकाशी उभं राहून पत्ता मोठ्याने पुकारायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. "बकुळीचं घर, पत्र!" ती पुकारायची आणि जीभ चावायची. तो मागे उभा राहून लिहायचा. दुसऱ्या दिवशी पिशवी त्याच्या खांद्यावर गेली. तिसऱ्या दिवशी तो विचारू लागला, बकुळ कोणी लावली, चिंच एवढी कलती का... आणि ती सांगत सुटली. चढावर तो सायकल ढकलायचा, तेव्हा ती उगाच हळू चालायची.

शनिवारी त्याची वही पिशवीतून पडली. तिने उघडली. एक्केचाळीस झाडं, एक्केचाळीस घरं, सुवाच्य अक्षरात.

"माझ्याच तोंडून काढून घेतलंत सगळं! केव्हा झाली पुरी?"

"बुधवारी."

"बुधवारी? मग तीन दिवस मागे मागे कशाला फिरलात?"

"पिशवी... जड असते."

तिने पिशवी हिसकावली, सायकलवर टांग मारली आणि थेट घर गाठलं. मावशीने विचारलं, "एवढं चिडायला तो तुझा कोण लागतो गं?" "कोणी नाही!" म्हणून तिने दार असं आपटलं की भिंतीवरचं घड्याळ वीस मिनिटं पुढे गेलं.

मंगळवारी तो शिरीषाखाली उभा होता.

"आता काय राहिलं? करवत आणलीत?"

"यादी दिली साहेबांना," तो म्हणाला. "खाली एक ओळ जोडली. झाड गेलं की खरेदीखतातला पत्ताही जातो. तेव्हा एक्केचाळीस खरेदीखतं साहेबांच्या सहीने नव्याने करावी लागतील."

"मग?"

"साहेब हजेरीपटावरसुद्धा पेन्सिलने सही करतात, अंगाशी आलं तर पुसता यावी म्हणून. फाईल बंद झाली. झाडं राहिली."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते लपवायला तिने पिशवीचा पट्टा नीट केला, पुन्हा बिघडवला, पुन्हा नीट केला.

"आणि माझी बदली झाली," तो म्हणाला. "डोंगरापलीकडे. दोन दिवसांची वाट."

"काय? चांगलं काम केलं त्याची शिक्षा? आणि तुम्ही गुपचूप हो म्हणालात? मला न विचारता?"

"तुम्हाला... काय म्हणून विचारायचं?"

"तेच तर आधी विचारायचं असतं ना माणसाने! आठवडाभर पिशवी वाहिलीत, तोंडाला काय झालं होतं?"

त्याने चपलेवरची नजर उचलली. "मग... विचारू? माझ्याशी लग्न करता?"

"हो!" ती कडाडली. "आणि आधी त्या बदलीविरुद्ध अर्ज लिहायला बसा. मी सांगते, तुम्ही लिहा!"

तो 'हो' असा काही होता की चिंचेवरचे सगळे पोपट एकदम उडाले. अर्ध्या कॉलनीला आजही वाटतं, त्या दिवशी टपालवालीने त्या बिचाऱ्याला चोपलं.