पंधरा मिनिटांनी या

सांगलीच्या त्या दवाखान्यात अंकिताचं काम तसं साधंच होतं. पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी तिची खोली. खोलीत एक टेबल, एक पंखा आणि कोपऱ्यात दिवसरात्र घुमणारा सर्व्हर. मागे फळीच्या दारापलीकडे अडगळीची खोली.

जत तालुक्याच्या पार टोकाच्या वाड्यांवर दवाखान्याची सात मदतकेंद्रं होती. तिथे फोन लागला तरी बोलणं तुटायचं. म्हणून केंद्रातली नर्स मेल लिहून ठेवायची. दिवसातून कधी पाच मिनिटं, कधी दहा मिनिटं नेट यायचं, तेवढ्यात साठलेले मेल निघायचे आणि अंकिताच्या सर्व्हरचं दार वाजवायचे. दारात एक प्रोग्राम बसलेला असे. तो येणाऱ्याला नाव विचारायचा, मेल घ्यायचा आणि वर 'गाडी पाठवा' असं लिहिलेलं असलं तर तो मेल तसाच ड्रायव्हरच्या मोबाइलवर धाडायचा.

हे सगळं अंकितानेच बसवलं होतं. कडेगावात बारावी झाल्यावर सहा महिन्यांचा कोर्स केला, बाकी सगळं हाताने करत शिकली.

गेल्या दिवाळीत फालतू मेलांचा असा पूर लोटला की मोठे डॉक्टर वैतागले. म्हणाले, "हा कचरा बंद करा." अंकिताने प्रोग्रामला एक नियम घालून दिला. अनोळखी कोणी दार वाजवलं, की लगेच आत घ्यायचं नाही. 'पंधरा मिनिटांनी या' म्हणून परत पाठवायचं. कचरा पाठवणारे परत येत नाहीत. खरा माणूस असेल तर त्याचा मेल रांगेत थांबतो आणि पुन्हा येतो. दुसऱ्यांदा आला, की घ्यायचा.

फरशी पुसता पुसता मनुबाईने ते ऐकलं आणि ती हसली. मनुबाई दवाखान्यातली सगळ्यात जुनी आया.

"ह्यात नवीन काय गं? आमच्या आजीनं हेच सांगितलंया. रानात कुणी नाव घेऊन बोलावलं तर पहिल्या हाकंला ओ देऊ नये. माणूस आसंल तर परत हाक मारतंय. ते दुसरं आसतंय न्हवं, ते एकदाच बोलावतं."

"आणि पहिल्याच हाकेला ओ दिली तर, मावशी?"

"मग ते तुझ्या दारात येतंय. आता पाय उचल, वली फरशी हाय."

दारात चहाचा कप घेऊन सिद्धू उभा होता. सिद्धू रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर, जतकडचाच पोरगा. अंकिताला तो अक्का म्हणायचा. "अक्का, तुमचा दारवान लय कडक दिसतोय. एखाद दिशी मलाबी हाकलून लावंल."

"तू दुसऱ्यांदा ये. मग घेईल," अंकिता म्हणाली. सगळे हसले.

एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली नाही. संकनवाडीच्या केंद्राचं नेट सिमकार्डाच्या डोंगलवर चालायचं, आणि डोंगलचा नेटवरचा पत्ता रोज बदलायचा. त्यामुळे तिच्या सर्व्हरला ते केंद्र रोजच अनोळखी होतं.

जानेवारीत एका सकाळी, दहा चाळीसला, संकनवाडीचा मेल आला. सर्व्हरने त्याला 'पंधरा मिनिटांनी या' म्हणून परत धाडलं. पंधरा मिनिटांनी तिथे नेट नव्हतं. नेट दुसऱ्या दिवशी आलं, तेव्हा कुठे मेल पोहोचला. नर्स शालूबाईने लिहिलं होतं, गाडी पाठवा, बाई अडली आहे, मूल आडवं आहे. तोवर त्या बाईला लोकांनी जीपमधून न्यायला काढलं होतं आणि वाटेतच सगळं आटोपलं होतं. आई आणि मूल, दोघंही.

नेट नव्हतं म्हणून घडलं, असं सगळे म्हणाले. सर्व्हर कोणाला काय उत्तर देतो ते आपल्या नोंदवहीत टिपून ठेवायचा; त्यातली 'पंधरा मिनिटांनी या' ही एक ओळ फक्त अंकिताने वाचली होती. तिने कोणाला सांगितलं नाही. नियम मात्र त्याच दिवशी काढून टाकला. शालूबाई काम सोडून माहेरी गेली. केंद्राला कुलूप लागलं, आणि तिथला संगणक सिद्धूनेच आणून अंकिताच्या अडगळीत ठेवला.

मार्चमध्ये नोंदवहीत पुन्हा ती ओळ दिसली. दहा चाळीस. संकनवाडी. पंधरा मिनिटांनी या.

अंकिताने अडगळीचं दार उघडलं. संगणक धुळीत तसाच होता, वायर गुंडाळून वर ठेवलेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. नियम तर कुठेच नव्हता. तिने सगळी मांडणी चार वेळा तपासली, प्रोग्राम पुसून नवा बसवला. बाकी सगळ्यांना तो बिनबोभाट आत घेत होता. फक्त संकनवाडीला रोज दारातूनच परत लावत होता, तिच्याच शब्दांत. आणि पंधरा मिनिटांनी परत कोणी येत नव्हतं. रोज सकाळी कोणीतरी यावं आणि आपण त्याला हाकलावं, असं वाटायचं तिला.

नवव्या दिवशी तिने प्रोग्राम बंद केला आणि त्याच्या जागी स्वतः बसली. आता येणाऱ्याला ती हाताने टाइप करून उत्तर देणार होती. एकदा तरी त्याला 'हो' म्हणायचं होतं.

दहा चाळीस झाले. काळ्या पडद्यावर अक्षरं उमटली.

संकनवाडी. आत येऊ?

तिने टाइप केलं... हो.

गाडी पाठवा. बाई वाट बघतेय.

एवढंच होतं. अंकिताने लिहिलं, 'मिळालं'. डोळे पुसले. मेल आलेल्या मेलांच्या पेटीत नीट ठेवला आणि प्रोग्राम पुन्हा चालू केला. प्रोग्रामने पेटी उघडली आणि आपलं नेहमीचं काम केलं.

खाली अंगणात सायरन वाजला.

ती जिना उतरून धावली. फाटकापाशी वॉचमन आप्पासो एकटाच उभा होता.

"सिद्धू कुठाय?"

"जतला गेला की. मोबाइलवर मेल आला म्हनला, संकनवाडी." आप्पासोने तिच्याकडे निरखून पाहिलं. "केंद्र परत चालू झालं व्हय?"

तिने फोन लावला. लागला नाही. मग दर दहा मिनिटांनी लावत राहिली. कवठे महांकाळच्या पुढे गेला असेल, जत ओलांडलं असेल, तिथून पुढे तर रेंजच नाही. डॉक्टरांना काय सांगायचं? मेल कोणाचा होता म्हणून सांगायचं? ती खोलीत येऊन बसली. पंखा घुमत होता, सर्व्हर घुमत होता. खालून फिनेलचा वास येत होता. दुपार सरता सरेना.

चार वाजून पाच मिनिटांनी नोंदवहीत एक नवी ओळ आली. केंद्राचं नाव संकनवाडीच होतं. पाठवणाऱ्याचं नाव मात्र शालूबाई नव्हतं.

सिद्धू.

पुढे सर्व्हरचं उत्तर... पंधरा मिनिटांनी या.

अंकिता त्या नावाकडे बघत राहिली. कुलूप लावलेलं केंद्र, आत संगणक नाही, वीज नाही. तिथून सिद्धू कसा लिहील? तिने प्रोग्राम बंद करायला हात पुढे नेला आणि मागे घेतला. बंद केला आणि खरंच तो असला तर? आपणच त्याला दुसऱ्यांदा...

तेवढ्यात फाटक करकरलं. तिने खिडकीतून खाली पाहिलं. रुग्णवाहिका आत आली. धुळीने पार पांढरी झालेली. सिद्धू उतरला, अंगावर सकाळचाच निळा शर्ट. अंकिताला एकदम हुंदका आला. त्याने मान वर केली.

"अक्का."

"आले रे... आले," ती म्हणाली. छाती मोकळी झाली. वळून ती दाराकडे निघाली आणि जाता जाता तिची नजर पडद्यावर गेली.

चार वीस. संकनवाडी. सिद्धू. दुसऱ्यांदा आलेला. सर्व्हरने या खेपेला त्याला आत घेतलं होतं.

अक्का, गाडी बंद पडली हाय. हितं कुणीच न्हाई. दुसरी गाडी पाठवा. अंधार पडायच्या आत पाठवा.

अंकिता हळूच खिडकीशी गेली. अंगणात गाडीचं इंजिन चालू होतं. मागचं दार सताड उघडं होतं. सिद्धू तिथे नव्हता. फाटकापाशी आप्पासो पाठमोरा बसून तंबाखू मळत होता, गाडी आलेली त्याला दिसलीच नव्हती जणू.

 

त्याने एकदाच हाक मारली होती.

जिन्यावर पावलं वाजली. ओळखीची, सिद्धूच्या चपलांची. आणि त्यांच्यामागून आणखी एक जण वर येत होतं... सावकाश, पायरीपायरीला थांबत, दिवस भरलेली बाई कठड्याला धरून चढते तसं.