खोल पाण्यातलं पाकट

माझी बायको जगदेवी गेल्याचं मला दवाखान्याच्या जिन्यात कळलं. आमच्या गावी, सोलापूरजवळच्या कुंभारीत, तिला माती दिली तेव्हा आमची लेक सृष्टी अरबी समुद्रात होती. ती माशांचा अभ्यास करते. तळाशी राहणारं, अंडी घालणारं पाकट जिवंत मिळवायला ती रत्नागिरीहून ट्रॉलरवर गेली होती.

बंदरावरचे लोक फोनवर म्हणाले, बोटीला वायरलेसवर कळवू. मी नको म्हटलं. आमच्याकडे अशी बातमी माणूस स्वतः जाऊन देतो, आणि समोरचा जेवल्यावरच देतो. नंतर घास उतरत नाही. मेंढरं पुतण्यावर सोपवून मी रत्नागिरी गाठली आणि तिच्याच बाजूला जाणाऱ्या बोटीत चढलो.

समुद्र पहिल्यांदाच पाहत होतो. आमच्या माळासारखा सपाट, पण पायाखाली थांबत नव्हता. मी ओकलो. बाकी काही वाटत नव्हतं.

सृष्टीची बोट जवळ आली. आमची वर जायची तेव्हा तिची खाली.

"मारा उडी!" तांडेल, म्हणजे तिच्या बोटीचा प्रमुख, ओरडला. मी मारली. गुडघा फुटला.

"आप्पा? तुमी हितं कसं?"

"तुझं काम बघाय आलो. जेवलीस का?"

"जाळं वर येतंय. मग जेवते की."

जाळं तळाच्या खडकात अडकलं. दोर ताणला. बोट कलली. डेकवर पाणी चढलं. मी डोलकाठीला धरून राहिलो. तांडेलाने बोट मागे घेतली. दोर सुटला, पण जाळं फाटलं. निम्मी मासळी गेली.

उरलेल्यात एक पाकट होतं. चटईसारखं चपटं, डोळे पाठीवर, तोंड पोटाखाली. ते घसरत कडेला चाललं. पळणारं मेंढरू मागच्या पायाला धरतात, तसं मी त्याला शेपटीला धरलं. काटे तळव्यात घुसले. सोडलं नाही.

"मेंढरू समजलात काय, सोलापूरकर?" तांडेल हसला.

"नशीब, हे नांगीचं पाकट न्हाय," सृष्टी माझा हात बांधत म्हणाली. "न्हायतर हाताचा भोपळा झाला असता."

जाळ्यात एक काळपट, चिवट पिशवी होती. चार कोपऱ्यांना चार शिंगं. तिने उजेडात धरली. आत काहीतरी वळवळलं.

"हे त्याचं अंडं. आई तळाला घालून निघून जाते. पिल्लू बलकावर कित्येक महिने आतच वाढतं. मग एकटंच भाईर येतं."

"कुणी बघत न्हाय त्याला?"

"न्हाय."

तिने दोन्ही पाण्याच्या टबात ठेवली होती, पण उन्हाने ते पाणी तापत होतं. पाकट मंदावलं. फाटक्या जाळ्यामुळे बोट परत फिरणार होती, पण किनारा लांब होता.

"मेलेलं न्हेऊन काय करू?" ती म्हणाली. वाकून तिने पाकट पाण्यात सोडलं. मग अंडं. दोन्ही खाली गेली.

परतीच्या वाटेवर ती भात-कालवण पोटभर जेवली. आता सांगायला हवं होतं. मी तिचं ताट उचलून ठेवलं. ती तिथंच झोपली. मी उठवलं नाही.

किनारा दिसला तशी रेंज आली. तिचा फोन वाजू लागला.

"आदी आईला लावते," ती म्हणाली. "म्हणंल, पोरगी रिकाम्या हातानं आली."

मी फोन तिच्या हातातून काढून घेतला.

जगदेवी गेल्याचं मी तिला अजून सांगितलेलं नव्हतं.