रोज तेवढंच मागे

"हात काढ," आक्का म्हणाली, आणि काट्याकडे निघालेलं नव्या भावजयीचं बोट जागीच थबकलं.

पितळी कड्यांत झुलणारं ते जहाजाचं घड्याळ लाकडी पेटीत आढ्याकडे तोंड करून टिकटिकत होतं. भाऊ कामाला होता ते जहाज दुरुस्तीला गोदीत लागलं म्हणून त्यानं हे तपासायला आणलं होतं, तेही कप्तानानं धाडलं म्हणून... एरवी लग्नानंतर त्यानं या दुकानाचा उंबरा कधी ओलांडला होता? आताही तो दारातच उभा होता, परक्या गिऱ्हाइकासारखा. आईवेगळ्या ज्या पोराला आक्कानं स्वतःचं लग्न बाजूला सारून वाढवलं, त्यानं बसायचंही नाव काढू नये... तिच्या काळजात कळ उठली, तोंडानं मात्र ती म्हणाली, "बसलास तर खुर्ची झिजायची नाही."

"वन्सं, हे मागे आहे," भावजय आपल्या मनगटाकडे बघत म्हणाली. "पुढे करायला नको?"

"याचे काटे हलवत नाहीत. रोज किती मागे पडतं तेवढं बघायचं. रोज तेवढंच पडलं, तर दर्यावर तेवढं धरून जहाज कुठं आहे त्याचा हिशेब लावतात. आज कमी, उद्या जास्त, असं लहरी झालं की जहाज खडकावर."

"म्हणजे चुकलं तरी चालतं?"

"इमानानं चुकलं पाहिजे."

पोरीचे डोळे लकाकले. आक्काला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून रागही आला.

"ते इमान कळतं कसं?"

"चाचणीला ठेवून. रोज एकाच वेळी, एकाच हातानं चावी. हात बदलला की चाल बदलते, असं आमचे बाबा म्हणायचे. ते गेले, पण नियम त्यांचाच. एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून."

"मग चाचणीच्या दिवसांत गावाला कसं जायचं?"

"जायचं नाही."

दारातला भाऊ एकदम आत आला. "आक्का, आमच्या लग्नात हेच घड्याळ चाचणीला होतं. आणि बाबा तर तेव्हा लग्नात होते... मग चावी कोण देत होतं?"

आक्का पेटीवर नसलेली धूळ पुसू लागली. "मांजर देत असेल."

"तू आली नाहीस, वर निरोप धाडलास, नवरीकडच्यांचे नखरे बघायला मला सवड नाही म्हणून. तो निरोप मी अजून विसरलो नाही."

"तसं बोलले नसते तर बाबा निघाले असते? म्हणाले असते, तू जा, मी चावी देतो. पोराचं लग्न बापानं बघायचं नाही? आणि जहाज तुझंच होतं की रे..."

तो मटकन खुर्चीत बसला. "लग्नानंतरच्या सफरीत वादळात भरकटलो होतो, आक्का. सूर्य क्षणभर दिसला, आणि ह्याच्यावरनं आम्ही कुठं आहोत ते काढलं. हे जरा लहरी असतं तर..."

भावजयीनं डोळे टिपले. "म्हणजे वन्सं रोज तेवढंच कडू बोलतात. तेवढं वजा धरायचं."

"शिकलीस," आक्का म्हणाली, आणि पदर तोंडाशी नेला.

चावीची वेळ झाली. आक्काच्या आधी भावानंच चावी उचलली, तळाशी चावी द्यायला घड्याळ कड्यांत अलगद उपडं केलं.

"अरे, हात बदलला की—"

"बदलू दे. चाचणी आजपासून धर. म्हणजे ती संपेपर्यंत मला इथून हलता यायचं नाही."

आक्कानं त्याच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाली, "राहा. पण आधी बूट काढ."