तळघरातला चमचा

टक्. टक्टक्.

दुपारच्या सामसूम घरात बेसिनखालचा पाइप वाजला. धातूला चमचा लागावा, तेवढाच आवाज. तिने लॅपटॉपवरून मान वर केली.

"हवा अडकते हो ताई," प्लंबर कालच सांगून गेला होता. पण आज तर टाकीच रिकामी होती, आणि वरचा फ्लॅट वर्षभर बंद.

युद्धाच्या बातम्या देऊन ती परतली, त्याला तीन आठवडे झाले होते. बाहेर कौतुकाला ऊत आला होता. घरात पाच वर्षांची लेक मात्र अजून तिच्याकडे पाहुणी आल्यासारखी बघायची.

फोन वाजला. संपादक.

"अगं, तुझ्या चमचेवालीनं मैदान मारलं! पुरस्कार आपलाच समज. फक्त परीक्षकांना मुलाखतीचं रेकॉर्डिंग हवंय. शोध आणि पाठव, आळशीपणा नको."

चमचेवाली. बॉम्बने कोसळलेल्या इमारतीच्या तळघरातली लहान मुलगी. आई पाणी आणायला वर गेलेली. आपण अजून इथेच आहोत हे आईला कळावं, म्हणून पोर चमच्याने पाइप वाजवतेय. एकदा, मग दोनदा. बातमी तिने तिथेच संपवली होती.

"काय शेवट केलास!" संपादक तेव्हा म्हणाले होते.

पण त्या कोसळलेल्या इमारतीच्या गल्लीत ती स्वतः गेलीच नव्हती. ऐन वेळी घाबरून मागे फिरली. हॉटेलच्या खोलीला आतून कडी घालून अर्ध्या तासात सगळं लिहून काढलं होतं.

टक्. टक्टक्.

रेकॉर्डिंग हरवलं म्हटलं असतं, तरी निभावलं असतं.

"सर," ती म्हणाली, "अशी मुलगी नव्हतीच. मी रचली ती."

"थट्टा करतेयस ना?"

"नाही."

पलीकडून फोन बंद झाला. नोकरी गेली, हे तिला कळलं.

पाइपही गप्प झाला होता.

ती स्वयंपाकघरात गेली. लेक बेसिनखाली शिरून, पाइपाला कान लावून बसली होती. हातात दुधाचा चमचा. तिला अजून वाचता येत नव्हतं. ती बातमी घरात कुणी तिला सांगितली नव्हती.

लेकीने पाइप वाजवला. एकदा, मग दोनदा.

आतून उत्तर आलं. एकदाच. अगदी हळू.

"बाहेर ये, बाळा."

"श्शू! ती बोलतेय."

लेकीने बराच वेळ ऐकलं. मग मान वळवली.

"आई, तिची आई पाणी आणायला गेलीय. कधी येणार, विचारतेय. काय सांगू तिला?"