रंग न धरणारी भिंत

नव्या प्लास्टरवर घाईने रंग मारू नये, हे मला कोणी सांगायला नको. आर्णीच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलंय मी. आत ओल असली की वरचा रंग फुगतो आणि पापुद्रे सुटतात. पण केतकीचं पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून मागची खोली बांधायला घेतली, आणि पोरगी सातव्या महिन्यातच बाळंतीण झाली. नात यवतमाळच्या दवाखान्यात, काचेच्या पेटीत. आमचे हे, म्हणजे कमलाकर, तिथेच मुक्कामाला. मी घरी, खोली तयार करायला. नात जगणार की नाही, कोणी छातीवर हात ठेवून सांगत नव्हतं, पण रिकामं बसवतं का?

रंगारी हरिसिंग, माझाच विद्यार्थी. त्या साली कापसाला भाव नव्हता, कोणी घराला चुनाही लावत नव्हतं, म्हणून बोलावल्याबरोबर हजर झाला.

"बाई, मले तर वाळलेलीच वाटते," भिंतीवर थाप मारत तो म्हणाला.

"तुला परीक्षेचा पेपरही सोपाच वाटायचा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! थांब जरा."

पिशवी कापून मी चारही भिंतींवर प्लास्टिकचे तुकडे चिकटपट्टीने घट्ट लावले. भिंत ओली असली की आतून दव धरतं, साधी गोष्ट. दुसऱ्या दिवशी तीन कोरडे निघाले. चौथ्या भिंतीचं प्लास्टर मागाहून झालेलं, तिथला तुकडा मधोमध धुरकटला होता. डाग एवढासा, बोराएवढा. मी बघत होते तोवर तो विरला. मग पुन्हा आला.

मी चष्मा पुसला. डाग येतच होता, जातच होता.

"ऊन पडून राह्यलं असंन," हरिसिंग म्हणाला. त्या भिंतीवर ऊन येतच नाही, पण मी म्हटलं, असेल.

तेवढ्यात यांचा फोन आला. आवाज पार बसलेला. "रजनी, मी पेटीपाशीच उभा आहे. श्वास घेते, मधेच थांबते. आत्ता घेतला... थांबली... थांबली गं... हां, घेतला."

मी मोबाईल कानाला लावून भिंतीसमोर उभी होते. हे "घेतला" म्हणाले की डाग उमटायचा. हे "थांबली" म्हणाले की प्लास्टिक कोरडं.

योगायोग, मी स्वतःला बजावलं. वर्गात हाच शब्द कोणी वापरला असता तर मी त्याला उभं केलं असतं. हरिसिंगला म्हटलं, ही भिंत सोड, आणि भात टाकायला आत गेले.

कुकरची शिटी व्हायच्या आत फोन वाजला.

"रजनी, श्वासच नाही गं! डॉक्टर धावपळ करून राह्यले..."

मी फोन चालू ठेवूनच खोलीकडे धावले. प्लास्टिक जमिनीवर पडलं होतं. हरिसिंग त्या भिंतीवर प्रायमरचा शेवटचा हात मारत होता.

"म्हटलं एकदमच होऊन जाईन, बाई..."

"खरवड!"

"काहून? आत्ताच तं मारला!"

"खरवड म्हणते ना मेल्या!"

त्याच्या सामानातली खरवडायची पत्री उचलली. ओला प्रायमर लपकन निघाला. खालचं प्लास्टरही उकरलं. नखं तुटली. हरिसिंग तोंड उघडं टाकून पाहत राहिला.

भिंत उघडी पडली.

फोनमध्ये बारीक रडणं ऐकू आलं.

"आली! रजनी, आली परत!" हे लहान मुलासारखे रडत होते. माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच, प्रायमरच्या राड्यात फतकल मारली आणि मोठ्याने रडले. हरिसिंगने निमूट पाणी आणून दिलं.

त्या भिंतीला मग कोणी हात लावला नाही. इकडे नात दूध पचवू लागली, पेटीतून बाहेर आली, वजन धरलं. ज्या दिवशी तिला घरी सोडलं, त्या दिवशी भिंत खडखडीत वाळलेली होती. हरिसिंगने फिका पिवळा रंग मारला. भीत भीतच मारला. काय धरला म्हणून सांगू! आजतागायत पापुद्रा नाही.

संक्रांतीच्या आधी बोचरी थंडी पडली. सकाळी आम्ही सगळे अंगणात उन्हाला बसलो होतो. नात केतकीच्या मांडीवर, गालांवर लाली, अगदी गुटगुटीत. हे तोंडाने वाफा सोडून तिला खेळवत होते, "पाह्य, आजोबाची आगगाडी!" केतकी हसली, तिच्याही तोंडातून वाफ निघाली. माझ्याही.

नातीने तोंड भरून जांभई दिली. नंतर एक जोराची शिंक. पुन्हा एक जांभई.

वाफ नाही.

केतकीच्या ध्यानात यायच्या आत मी नातीला शालीत गुंडाळलं आणि थंडी फार आहे म्हणून घरात नेलं.